प्रसारण नियामक संस्था

रेडिओ-टीव्ही चॅनलना लायसन्स देणं, नियम ठरवणं, तक्रारी ऐकणं आणि नियम मोडला तर दंड करणं हे काम करणारी संस्था म्हणजे प्रसारण नियामक. बऱ्याच देशांत फ्रिक्वेन्सी वाटपही तिच्याकडेच असतं, कारण दोन स्टेशनं एकाच जागी एकाच फ्रिक्वेन्सीवर आली की धड कुणाचंच ऐकू येत नाही. पण हे सगळं मंत्र्याच्या हातात राहिलं तर सरकारवर टीका करणाऱ्या चॅनलचं लायसन्स कधीही अडकू शकतं, म्हणून त्यासाठी वेगळा कायदा करून वेगळी संस्था उभी करतात.

रचना साधारण अशी, की वर निर्णय घेणारं मंडळ आणि खाली इंजिनिअर, वकील, अर्थतज्ज्ञ यांचं ऑफिस. कायद्यात नुसतं ‘स्वायत्त’ लिहून भागत नाही, मेंबर कोण नेमतं, त्यांना मुदतीआधी काढता येतं का आणि पैसा कुठून येतो हे बघावं लागतं. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने आलेल्या एफसीसी या नियामक संस्थेत पाच कमिशनर, नेमणूक राष्ट्राध्यक्षांची, मंजुरी सिनेटची, मुदत पाच वर्षं आणि एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. तरी पाचांतला अध्यक्ष कोण हे राष्ट्राध्यक्षच ठरवतात, त्यामुळे अजेंडा बराचसा त्यांच्या कलाने जातो.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वर्णद्वेषी राजवटीत प्रसारण सरकारच्या मुठीत होतं, म्हणून १९९४ च्या निवडणुकीआधीच, १९९३ मध्ये, स्वतंत्र नियामकाचा कायदा झाला आणि पुढे राज्यघटनेच्या कलम १९२ मध्येच ही अट घातली. २००० मध्ये टेलिकॉमचा नियामक त्यात मिसळून इकासा झाली. तिच्या कौन्सिलरसाठी लोकांकडून नावं मागवतात, मुलाखती उघडपणे होतात. पैसा मात्र संसदेच्या बजेटमधून येतो, लायसन्स फी थेट सरकारी तिजोरीत जाते, आणि इथेच संस्थेचा हात आखडतो.

ब्रिटनमध्ये पाच संस्था एकत्र करून ऑफकॉम झाली, २००३ च्या अखेरीस तिने काम हातात घेतलं. तिचा बराच खर्च कंपन्यांच्या फीमधून भागतो. तिथे टीव्हीवाल्यांना ६० दिवस आणि रेडिओवाल्यांना ४२ दिवस रेकॉर्डिंग जपून ठेवावं लागतं, म्हणजे तक्रार आली की नेमकं काय बोललं गेलं ते मागवून ऐकता येतं. कार्यक्रम दाखवण्याआधी तपासायचा अधिकार मात्र ऑफकॉमला नाही, कारवाई होते ती प्रसारण झाल्यावरच.