वाफेने त्वचेची रंध्रे उघडत नाहीत

वाफ घेतली की चेहऱ्यावरची रंध्रे उघडतात आणि थंड पाण्याने मिटतात, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते खरे नाही. या रंध्रांच्या तोंडाशी उघडझाप करणारा स्नायूच नसतो. केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो खरा, पण त्याने अंगावर काटा येतो, रंध्र मिटत नाही. उघडझाप करतात ती पानांवरची रंध्रे! तिथे दोन रक्षक पेशी पाण्याने फुगल्या की मधली फट उघडते, पाणी ओसरले की मिटते. किती सुंदर रचना! वाफेने त्वचेतला साचलेला तेलकट भाग फक्त मऊ होतो. तेव्हा रंध्रे ‘बंद’ करायला चेहऱ्यावर बर्फ चोळू नका, त्वचेला इजा होऊ शकते.