इशारे, ट्रकचालकांचे

इशारे, ट्रकचालकांचे : पुढच्या धोक्याची खबर एका मालवाहू गाडीच्या चालकाने दुसऱ्याला दिवे, हॉर्न, हात किंवा रस्त्यावर मांडलेल्या खुणा यांद्वारे देण्याची पद्धत. यांतले काही इशारे कायद्याने ठरवून दिलेले, बहुतेक रूढीने आलेले. या नोंदीत मुख्यतः इंदूरहून मानपूर, सेंधवा, बिजासन घाटमार्गे धुळ्याकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा–मुंबई रस्त्यावरील (आता या भागात राष्ट्रीय महामार्ग 52) रूढीचा विचार केला आहे. या रस्त्यावर मालवी, निमाडी, अहिराणी, मराठी, पंजाबी बोलणारे चालक एकत्र येतात. म्हणून इशाऱ्यांची भाषाही सरमिसळीची : डिपर (हेडलाइटचा झोत क्षणभर वर-खाली करून दिलेला इशारा), अप्पर (हेडलाइटचा लांबवर पडणारा झोत), साइड, पास.

‘हॉर्न ओके प्लीज’ : ट्रकच्या पाठीवरचा हा मजकूर म्हणजे मागच्या चालकाला दिलेली कायमची सूचना. त्यातल्या ‘ओके’विषयी एकमत नाही. दुसऱ्या महायुद्धात रॉकेलवर चालणाऱ्या, चटकन पेट घेणाऱ्या गाड्यांवर ‘ऑन केरोसीन’ लिहीत व त्याचे संक्षिप्त रूप उरले, असे एक मत. ‘ओके’ हे टाटा ऑइल मिल्सच्या साबणाचे नाव, ती जाहिरातच ट्रकवर रंगवली गेली, हे दुसरे. टाटांचे ट्रक 1954 पासून निघू लागल्याने हे मत आकर्षक वाटते. मात्र अन्य कंपन्यांच्या गाड्यांवरही तेच अक्षर आढळते, हे त्याने उलगडत नाही. ‘ओव्हरटेक’चा अपभ्रंश म्हणणारेही आहेत. एकपदरी रस्त्यावर मागच्याने हॉर्न द्यायचा आणि समोरचा रस्ता मोकळा दिसला की पुढच्या ट्रकच्या चालकाने ‘ओके’वरचा दिवा लावायचा, ही चौथी उपपत्ती. ‘ओके’ बहुधा मधोमध, मोठ्या अक्षरांत, ‘हॉर्न’ आणि ‘प्लीज’पासून सुटे रंगवलेले असते, त्याच्याशी ही उपपत्ती अधिक जुळते. विनाकारण हॉर्न वाजवण्यास उत्तेजन मिळते म्हणून महाराष्ट्रात 2015 मध्ये या मजकुरास बंदी करण्यात आली.

हाताचे इशारे : उजवा हात बाहेर काढून तळवा खाली ठेवून वर-खाली हलवणे म्हणजे वेग कमी करतो आहे, कोपरापासून हात उभा धरणे म्हणजे थांबतो आहे, मागून पुढे अर्धवर्तुळाकार हलवणे म्हणजे पुढे जा. समोरून येणाऱ्याला पहिलाच इशारा ‘सावकाश, पुढे काही आहे’ म्हणून करतात. दिवसा याच्याइतका निःसंदिग्ध इशारा दुसरा नाही.

दिव्यांचे इशारे : खरी अडचण येथे आहे. समोरच्याने एकदा डिपर मारला तर ‘अप्पर खाली कर’ हे सर्वांना कळते. दोन-तीनदा झपाट्याने मारलेल्या डिपरचे मात्र दोन अर्थ होतात : पुढे अपघात, गुरे किंवा तपासणी आहे, किंवा, अरुंद पुलाशी, मी थांबणार नाही, तू थांब. म्हणून जाणता चालक डिपरनंतर हातही दाखवतो. पुढच्या गाडीच्या उजव्या इंडिकेटरचे असेच. ‘समोरून गाडी येते आहे, निघू नको’, ‘माझ्या उजवीकडून जा’ आणि ‘मी उजवीकडे वळतो आहे’ हे तिन्ही अर्थ रूढ आहेत. डावा इंडिकेटर आणि गाडी प्रत्यक्ष डावीकडे सरकलेली, दोन्ही दिसल्याशिवाय पुढे निघू नये. नुसत्या इंडिकेटरला परवानगी समजणे जिवावर बेतते. चारी इंडिकेटर थांबलेल्या गाडीसाठी आहेत. चौकात सरळ जाताना ते लावले, तर बाजूने येणाऱ्याला त्यांतला एकच दिसतो आणि गाडी वळते आहे असे वाटते.

घाटातील इशारे : विंध्य उतरताना गणपती घाट आणि सातपुडा उतरताना बिजासन घाट. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो. चाकातला ब्रेकचा ड्रम तापून फुगतो, त्यावर घासणाऱ्या लायनरची (ब्रेकच्या अस्तराची) पकड सुटते; चालक पुन्हापुन्हा पेडल दाबतो आणि ब्रेक चालवणारी दाबाची हवा खर्च होते. इंजिन मंद फिरत असल्याने कॉम्प्रेसर ती लवकर भरून काढत नाही. हवेच्या दाबाचा 7–8 बारवरचा काटा उतरू लागतो. अशा वेळी अखंड हॉर्न, पेटते हेडलाइट आणि क्लीनरने खिडकीतून हलवलेला गमछा एवढेच हाती उरते. पुढच्याने हे दिसताच डावी कड धरून वाट मोकळी करावी. त्याआधीची खूण म्हणजे जळक्या लायनरचा वास व चाकातून निघणारा धूर. तो मागच्या गाडीला आधी दिसतो. तिने डिपर आणि हॉर्न देऊन कळवावे. जुलै 2023 मध्ये बिजासनखाली पळासनेर येथे ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसून किमान दहा जणांचा बळी गेला. गणपती घाटात उतरणाऱ्या वाहनांसाठी 2024 अखेर वेगळा मार्ग सुरू झाला.

बंद पडलेली गाडी : ताशी 80 किमी वेगाची गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत तीसेक मीटर संपतात, भरलेली गाडी थांबायला आणखी किमान पन्नास. म्हणून परावर्तक त्रिकोण निदान 100 मीटर, म्हणजे साधारण 130–140 पावले, मागे हवा. उतारावर किंवा रात्री त्याहून लांब. गाडी वळणापलीकडे असेल तर तो वळणाच्या अलीकडे. जाताना त्रिकोण येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून छातीपुढे धरावा व साइडपट्टीवरून चालावे. त्रिकोण नसला की दगड आणि बाभळीची फांदी ठेवतात. हिरवी फांदी दिवसा लांबून ओळखू येते, रात्री तिचा उपयोग जवळजवळ नाही. चाकाला मात्र दगडाऐवजी लाकडी ठोकळा लावावा. गाडी निघताना तो बरोबर घेतला जातो, दगड तेथेच राहतो. दुरुस्तीनंतर रस्त्यावर सोडलेले असे दगड मोटारसायकलस्वारांचे जीव घेतात, आणि हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे.

अन्य साधने : अमेरिकेत 1970 नंतरच्या दशकात ट्रकचालकांनी सिटिझन्स बँड रेडिओवरून (सामान्य नागरिकांना जवळच्या अंतरावर बोलता येणाऱ्या बिनतारी संचावरून) अशी देवघेव वाढवली, तेथे 19 क्रमांकाची वाहिनी त्यासाठी रूढ आहे. भारतात तो रेडिओ ट्रकमध्ये रुजला नाही. त्याचे काम आता मोबाइलवरचे ध्वनिसंदेश करतात. ते थांबल्यावर ऐकावेत, कारण चालवताना हातात फोन धरणे गुन्हा आहे.