रात्रीचा रवंथ

'ओव्हरथिंकिंग' हा शब्द आपल्या घरांत आला तो बहुधा मोबाइलच्या मागोमाग. त्याआधी जिवाला घोर लागायचा, डोक्यात किडा वळवळायचा, आणि 'मन चिंती ते वैरी न चिंती' म्हणत कुणीतरी दिवा मालवायचं. दुखणं जुनंच. त्यावर करायचं काय, याची समजूत मात्र बदलत गेली.

रामदासांनी 205 श्लोकांत मनाला समोर बसवून समजावलं. तेही 'सज्जना' म्हणून, अदबीने. बहिणाबाई चौधरींना (1880–1951) मन म्हणजे उभ्या पिकात शिरलेलं ढोर वाटलं. कितीही हाकला, ते फिरून पिकावर येतं. शेतात राबलेल्या बाईचं हे निरीक्षण. 1987 मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. पुढे मोकळीक दिल्यावर तर अस्वल जास्तच येऊ लागलं. आसोद्याच्या बहिणाबाईंना यात नवल वाटलं नसतं.

हाकलून भागत नाही, तर मग काय? मनोविश्लेषण करणाऱ्या अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमाराला वेगळी वाट धरली. आजचं उदाहरण घ्या. रात्री पाठवलेल्या मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही. घटना एवढीच. 'माझं काहीतरी चुकलंय' हे वाक्य आपण जोडतो, आणि झोप उडते ती त्या वाक्यामुळे. एलिस ते वाक्य पकडून त्याचा पुरावा मागत. ही विवेकनिष्ठ पद्धत मराठीत रुजवली ती कि. मो. फडके यांनी.

मानसशास्त्रात असा एकच विचार घोळवत बसण्याला 'रुमिनेशन' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ चक्क रवंथ. म्हणजे पुन्हा ढोरच! 17 ऑक्टोबर 1989 ला सॅन फ्रान्सिस्को परिसरात भूकंप झाला. सुझन नोलन-होक्सेमा यांनी त्याच्या दोनच आठवडे आधी, योगायोगाने, स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांकडून मनःस्थितीचे तक्ते भरून घेतले होते. सात आठवड्यांनी पाहिलं, तर ज्यांना आधीपासून रवंथाची सवय होती ते अधिक खचलेले होते. गाय रवंथ करते ते पचवायला; इथे पचत काहीच नाही.

थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये सुचवलेला उपाय मला सगळ्यात व्यवहारी वाटतो. काळजीला रोज अर्धा तास द्यायचा, ठरल्या वेळी, ठरल्या जागी. एरवी ती आली की 'तेव्हा बघू' म्हणून पुढे ढकलायची. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असली की 'ठरली जागा' शोधणं कठीण, ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडची सोय फार उशिरा झाली. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 चं, पण ते 'वेड्यांचं' समजलं गेलं. नुसत्या घोराला तिथे कोण जाणार? त्याच ठाण्यात 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, साध्या ताणासाठीही दार उघडं ठेवून. 2017 च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा हक्क ठरला. ऑक्टोबर 2022 पासून टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे: फुकट, मराठीतही, आणि चोवीस तास. किडा जागा होतो तो रात्री दोनलाच ना.