म्योने धरण आणि 1943 चा हवाई हल्ला : पार्श्वभूमी

जर्मनीच्या रूर खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने इतके वाढले की उन्हाळ्यात रूर नदीचे पाणी पुरेनासे झाले. त्यावर उपाय म्हणून 1899 मध्ये धरणसंघ स्थापन झाला आणि 1908 ते 1913 या काळात रूरची उपनदी म्योने हिच्यावर दगडी धरण उभे राहिले. त्यासाठी सुमारे 700 माणसांना घरेदारे सोडावी लागली. सुमारे 40 मीटर उंच, 650 मीटर लांब आणि तळाशी 34 मीटर जाड अशी ही भिंत 13 कोटी घनमीटरांहून अधिक पाणी निव्वळ स्वतःच्या वजनावर तोलून धरत असे. हिवाळ्यातला पाऊस आणि वितळलेले बर्फ साठवून ते कोरड्या महिन्यांत सोडायचे, हे तिचे काम असल्याने मे महिन्यात जलाशय तुडुंब भरलेला असे, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी या धरणावरच्या हल्ल्याची वेळ ठरवताना नेमकी हीच गोष्ट विचारात घेतली.

रूरमधली धरणे ब्रिटिश हवाई दलाच्या नजरेत युद्धापूर्वीच भरली होती, परंतु एवढी जाड भिंत साध्या बॉम्बने फुटणारी नव्हती, आणि पाणतीर अडवण्यासाठी जलाशयात जाळी सोडलेली होती. अभियंता बार्न्स वॉलिस यांनी मार्ग काढला : स्फोटके पाण्याखाली भिंतीला भिडून फुटली, तर पाण्याच्या दाबामुळे बराच कमी दारूगोळाही पुरतो. वेल्समधील एका जुन्या लहान धरणावर 1942 च्या जुलैमध्ये हे सिद्ध झाले. मग सुमारे सव्वाचार टनांचा, पिंपाच्या आकाराचा बॉम्ब तयार झाला. मिनिटाला 500 फेऱ्या या वेगाने उलटा फिरवून सोडला की तो पाण्यावर टप्पे घेत जाळ्या ओलांडी, भिंतीवर आदळून तिच्या कडेने खाली उतरे आणि सुमारे 9 मीटर खोलीवर फुटे. विमान मात्र पाण्यापासून अवघ्या 18 मीटरांवर असणे आवश्यक होते. अंधारात ही उंची साधण्यासाठी विमानाच्या पोटाखाली दोन दिवे तिरके बसवले होते. त्यांचे झोत पाण्यावर एकत्र आले की उंची बरोबर.

16 मे 1943 च्या रात्री 24 वर्षांच्या गाय गिब्सन यांच्या नेतृत्वाखाली 19 लँकेस्टर बॉम्बफेकी विमाने निघाली. पाचव्या विमानाच्या बॉम्बनंतर म्योनेची भिंत फुटली. त्यानंतर एडर धरणही फुटले, पण त्याचा रूरच्या पाणीपुरवठ्याशी फारसा संबंध नव्हता. ज्याचा होता, ते मातीचे झोर्पे धरण टिकले. मोहिमेचे यश मोजताना ही बाब सहसा मागे पडते.

आठ विमाने परतली नाहीत आणि 53 वैमानिक व सहकारी मरण पावले. जमिनीवर सुमारे 1600 बळी गेले आणि त्यांत निम्म्याहून अधिक परदेशी कैदी व वेठबिगार होते. म्योने नदी रूरला मिळते तिथे, नेहाइमजवळ, पूर्व युरोपातून पकडून आणलेल्या स्त्री-कामगारांची छावणी होती. त्यातल्या शेकडो जणी लोंढ्यात बुडाल्या. जर्मनीच्या युद्धयंत्रणेवरचा घाव सर्वाधिक बसला, तो तिनेच गुलाम केलेल्या या बायकांवर. या मोहिमेच्या इतिहासात त्यांना पहिल्या ओळीत स्थान मिळायला हवे.

जर्मन सरकारने हजारो मजूर जुंपून शरद ऋतूपर्यंत खिंडार बुजवले. दुरुस्ती चालू असताना मोठा हल्ला झाला नाही आणि हिवाळ्यात पाणी पुन्हा साठू लागले. पुढे 1977 मध्ये युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलच्या कलम 56 ने, पाणी सुटून नागरिकांची मोठी हानी होणार असेल तर, धरणांवरील हल्ल्यांना मनाई केली. ही मनाई बिनशर्त नाही : धरण त्याच्या नेहमीच्या कामापलीकडे वापरले जात असेल, त्याचा लष्करी कारवायांना नियमित, लक्षणीय आणि थेट उपयोग होत असेल आणि तो थांबवण्याचा दुसरा व्यवहार्य उपाय नसेल, तर हे संरक्षण उरत नाही. भारताने हा प्रोटोकॉल अद्याप स्वीकारलेला नाही.