मूळ नेमकं काय खातं? नत्र फक्त खनिज रूपात की सेंद्रिय रूपातही, या वादाची पार्श्वभूमी

शेणखत घातलं की पीक तरारतं. एवढ्या निरीक्षणावर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात एक सिद्धांत उभा होता: झाडं जमिनीतल्या ह्यूमसवर, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांवर जगतात. जर्मनीतले आल्ब्रेख्त थेअर त्याचे मोठे पुरस्कर्ते. कार्ल श्प्रेंगेल यांनी 1820च्या दशकातच तो खोडून काढायला घेतला होता, पण गाजलं ते 1840 सालचं जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचं पुस्तक. झाडाला सेंद्रिय पदार्थ लागत नाहीत, खनिजं लागतात, आणि नत्र लागतो तो अमोनियाच्या रूपात, असं त्यांचं म्हणणं. पुढे तर ते म्हणू लागले की हवा-पावसातून येणारा अमोनिया पिकाला पुरतो. इथे मात्र गडी घसरला. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला लॉज आणि गिल्बर्ट यांनी 1843 पासून गव्हावर प्रयोग लावले. नुसत्या खनिजांनी फारसं काही साधलं नाही. अमोनियाचे क्षार पडले तेव्हा उत्पादन वाढलं.

मग शेणखताचं काय होतं? याचं उत्तर 1877 मध्ये फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ यांना एका नळीत सापडलं. वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून ते सांडपाणी अगदी संथ सोडत राहिले. सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत होता. मग अचानक नायट्रेट दिसू लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबलं. रासायनिक क्रिया असती तर वीस दिवस वाट कशाला पाहायची? हे काम जिवंत जंतूंचं होतं; 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी ते जंतू वेगळे करून दाखवले.

चित्र पक्कं झालं: सेंद्रिय नत्र जंतू फोडतात, मूळ फक्त अमोनियम आणि नायट्रेट घेतं. 1913 मध्ये हाबर-बॉश पद्धतीने कारखान्यात अमोनिया बनू लागला आणि मूळ सेंद्रिय नत्र थेट घेतं का, हा प्रश्न विचारायची निकडच उरली नाही.

तो पुन्हा निघाला थंड प्रदेशात. तिथे कुजण्याची गती मंद, खनिज नत्र तुटपुंजा, तरी झाडं जगतात. 1998 मध्ये स्वीडनमधल्या जंगलात नेशहोल्म आणि सहकाऱ्यांनी ग्लायसीन या अमिनो आम्लातल्या (प्रथिनं ज्यांची बनतात त्या सेंद्रिय रेणूंपैकी एक) कार्बन आणि नत्र दोन्हींवर जड समस्थानिकांची, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या जड अणूंची, खूण केली आणि ते जमिनीत सोडलं. जंतूंनी आधी फोडलं असतं, तर मुळांमध्ये फक्त नत्राची खूण पोचली असती. दोन्ही पोचल्या. म्हणजे काही रेणू तरी अख्खे आत गेले होते.

पिकांच्या मुळांनाही हे जमतं. पण खत दिलेल्या रानात नायट्रेट मुबलक असतं, पाण्याबरोबर सहज सरकतं; अमिनो आम्लं मुळापर्यंत पोचण्याआधीच बहुतेक जंतूंच्या तोंडी लागतात. लीबिग पूर्ण चुकले नव्हते, असंच मला वाटतं. भातखाचरात तर पाण्याखाली ऑक्सिजनच नसतो, त्यामुळे तिथे नायट्रेट जेमतेमच बनतं आणि भात मुख्यतः अमोनियमवर पोसतो.

2006 मध्ये मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये अमिनो आम्लं मुळात ओढून घेणारं एलएचटी1 हे प्रथिन ओळखलं गेलं. ते निकामी केलेली रोपं अमिनो आम्लांवर वाढवली की खुरटतात.