सर्व्हरवरील डिरेक्टरीचे आर्काइव्ह आणि देवनागरीचे तीन बाइट

कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या साखर कारखान्याचा गळीत हंगाम संपला की त्या हंगामाची एक भलीमोठी डिरेक्टरी सर्व्हरवर उरते. ऊसनोंदी, वजनकाट्याच्या पावत्या, बिलांचे अहवाल, सातबाराच्या स्कॅन केलेल्या प्रती असे सगळे तीत असते. रोजच्या कामाला ती लागत नाही, पण पुसूनही टाकता येत नाही. म्हणून तिचा एक गठ्ठा बांधून, तो आकाराने कमी करून बाजूला ठेवावा लागतो. लिनक्सवर हे काम कमांड लाइनवरील एका ओळीत होते. त्या ओळीत मात्र दोन निरनिराळी कामे दडलेली असतात, आणि त्यांतला फरक कळला की पुढचे निर्णय सोपे होतात.

पहिले काम ‘टार’चे. बेल लॅब्जमधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत १९७९ मध्ये आलेला हा प्रोग्राम चुंबकीय टेपवर फाइली एकापाठोपाठ एक लिहिण्यासाठी बनला होता आणि आजही तो मुळात तेवढेच करतो. प्रत्येक फाइलीच्या आधी तो ५१२ बाइटांचा मथळा लिहितो. त्यात फाइलीचे नाव, मालक, परवानग्या, आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ असते. त्यामागे फाइलीतला मजकूर जसाच्या तसा येतो आणि शेवटचा तुकडा शून्ये भरून ५१२ बाइटांचा केला जातो. म्हणजे टार काहीही लहान करत नाही. उलट छोट्या फाइली पुष्कळ असल्या तर गठ्ठा मूळ मजकुरापेक्षा बराच मोठा भरतो.

आकार कमी करण्याचे दुसरे काम ‘जीझिप’कडे जाते. जाँ-लू गेली आणि मार्क अॅडलर यांनी १९९२ मध्ये आणलेल्या या प्रोग्रामच्या मुळाशी दोन जुन्या कल्पना आहेत. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह यांनी १९७७ मध्ये मांडलेली पहिली कल्पना अशी, की मजकुरात आधी येऊन गेलेला भाग पुन्हा आला तर तो पुन्हा न लिहिता ‘इतके बाइट मागे जा आणि तिथून इतके बाइट उचल’ एवढीच खूण लिहावी. डेव्हिड हफमन यांची १९५२ ची दुसरी कल्पना अशी, की जे चिन्ह वारंवार येते त्याला कमी बिटांचा संकेत द्यावा आणि क्वचित येणाऱ्याला लांब.

मराठी मजकुराला या दोन्ही कल्पना विशेष मानवतात. अक्षरे बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की हलन्त, तीन बाइट घेते. ‘कोल्हापूर’ या शब्दात अशी नऊ चिन्हे आहेत, म्हणून तो २७ बाइटांचा होतो. त्यातला ‘क’ २२४, १६४, १४९ असा साठवला जातो, त्यावरची ओकाराची मात्रा २२४, १६५, १३९ अशी आणि ‘ल’ २२४, १६४, १७८ असा. पहिला बाइट प्रत्येक चिन्हात २२४ आहे आणि दुसरा १६४ किंवा १६५ यांपैकीच असतो. खरी माहिती जवळजवळ सगळी तिसऱ्या बाइटात आहे. हफमनच्या पद्धतीत हा सतत येणारा २२४ अगदी थोड्या बिटांत मावतो. ऊसनोंदींच्या यादीत तर प्रत्येक ओळीत ‘करवीर’ किंवा ‘हातकणंगले’, ‘पाटील’ आणि उसाची जात म्हणून ‘को ८६०३२’ पुन्हा पुन्हा येत राहते. हातकणंगले हे नाव २७ बाइटांचे आहे, पण दुसऱ्यांदा आल्यावर त्याची मागे जाण्याची खूण साधारण दोन-तीन बाइटांत बसते. मराठीत माहिती ठेवली तर जागा फार लागते, ही तक्रार आर्काइव्ह केलेल्या फाइलींच्या बाबतीत म्हणूनच फारशी टिकत नाही.

एक मर्यादा मात्र मराठीलाच जास्त जाणवते. जीझिप मागे वळून पाहतो ते फक्त ३२,७६८ बाइटांपर्यंत. इंग्रजीत त्यात तितकीच अक्षरे येतात. निव्वळ देवनागरीत जेमतेम अकरा हजार चिन्हे येतात, आणि त्याआधीची पुनरावृत्ती त्याला दिसतच नाही. ‘एक्सझेड’ हा प्रोग्राम नेहमीच्या पातळीवर ८ मेगाबाइट मागचे लक्षात ठेवतो. त्याला वेळ आणि मेमरी जास्त लागते, पण वर्षातून एकदा करायच्या मराठी नोंदींच्या आर्काइव्हसाठी मी तोच निवडण्याचा आग्रह धरेन. स्कॅन केलेले सातबारे जेपेग स्वरूपात असतील तर कोणताही प्रोग्राम वापरला तरी त्यांचा आकार फारसा घटत नाही, कारण त्यांतली पुनरावृत्ती आधीच काढून टाकलेली असते.

प्रत्यक्ष कमांड छोटी आहे. ‘टार’ लिहून पुढे सी, झेड, एफ ही अक्षरे, मग नव्या फाइलीचे नाव आणि शेवटी डिरेक्टरीचे नाव द्यायचे. सी म्हणजे नवा गठ्ठा बांध, झेड म्हणजे तो जीझिपमधून काढ, आणि एफ म्हणजे लगेच पुढे दिलेल्या नावाच्या फाइलीत लिही. म्हणून एफ शेवटीच हवा. एक्सझेड हवा असेल तर झेडच्या जागी मोठ्या लिपीतला जे येतो. नवी फाइल त्याच डिरेक्टरीत तयार करू नये. चालू असलेल्या डेटाबेसच्या फाइलीही अशा थेट उचलू नयेत, कारण टार वाचत असतानाच त्या बदलत राहतात आणि गठ्ठ्यात त्यांची अर्धी जुनी, अर्धी नवी प्रत जाते. आधी डेटाबेसचा डंप, म्हणजे त्यातल्या माहितीची एका क्षणाची पूर्ण प्रत, काढावा आणि तो आर्काइव्ह करावा.

प्रत कुठे ठेवायची, हा प्रश्न कोल्हापुरात वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गही बंद पडला. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच्या शेजारच्या कपाटातली हार्ड डिस्क अशा वेळी एकदमच जातात. टारचा गठ्ठा फाइलीत न लिहिता एसएसएच या सुरक्षित जोडणीमार्गे थेट पुण्यातल्या मशीनवर पाठवता येतो आणि त्यासाठी इथल्या डिस्कवर मोकळी जागाही लागत नाही. तो तिथे पोहोचल्यावर टी या अक्षराने त्यातली यादी वाचावी, एखाद्या तालुक्याच्या फाइली उलगडून त्यातल्या नोंदी मूळ फाइलींशी ताडून पाहाव्यात, आणि सर्व्हरवरची डिरेक्टरी त्यानंतरच पुसावी.