ब्रशलेस मोटार तापत नाही, हा गैरसमज

ब्रशलेस मोटारीत ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला घासत करंट पोचवणारे तुकडे, नसतात. 'ब्रशच नाहीत, मग घासणार काय अन् तापणार काय?' आरसी, म्हणजे रिमोटवरची, कार पळवणाऱ्या पोरांना हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. तारेच्या वेढ्यांतून करंट गेला की उष्णता होणारच. करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. त्यात परभणी-नांदेडची मे महिन्यातली दुपार, हवाच ४० अंशांपुढे! नुसत्या पंख्यानं भागत नाही. आधी पिनियन, म्हणजे मोटारीच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक, एक-दोन दात लहान घ्या; मोटारीवरचा भार अन् करंट कमी होतो. मोटार ॲल्युमिनियमच्या माउंटवर, म्हणजे ती जिथं स्क्रूनं बसते त्या पट्टीवर, सपाट, घट्ट बसवा. उष्णता त्यातून बाहेर पडते. अन् कळकळीनं सांगतो, स्क्रूची लांबी मोजा. लांब स्क्रू आतल्या वेढ्यांना टेकला की मोटार जळालीच. अन् मोटारीतल्या अति तापलेल्या निओडिमियम चुंबकाची गेलेली ताकद थंड झाल्यावरही पूर्ण परतत नाही.